मान्यानाला कशाला बदनाम करता?

दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा मी स्पॅनिश शिकतोय हा विषय निघाला. लगेच काका म्हणाले, "त्या लोकांचं बरं आहे. 'सकाळ' आणि 'उद्या' दोन्हीला एकच शब्द, मान्याना! कामं कशाला होतायत वेळेवर?" सगळे हसले. मीही हसलो, आणि नंतर त्या हसण्याचाच राग आला.

म्हणून हे पोस्ट. काका, वाचताय ना? :)

एक तर स्पॅनिश माणसाचा यात काही गोंधळ होत नाही. 'ला मान्याना' म्हणजे सकाळ, नुसतं 'मान्याना' म्हणजे उद्या, आणि 'एल मान्याना' म्हणजे भविष्यकाळ. उद्या सकाळी म्हणायचं तर 'मान्याना पोर ला मान्याना'. झालं!

आता जर्मन घ्या. 'मॉर्गन' म्हणजे सकाळ आणि 'मॉर्गन' म्हणजेच उद्या. अगदी तीच भानगड. पण जर्मन आळशी असतात असं कुणी म्हणतं का? नाही, कारण तिथे विनोद जमत नाही. इंग्रजी 'टुमॉरो'मधला 'मॉरो'सुद्धा मुळात सकाळच. आपल्या 'उद्या'त उदय आहे. हिंदीतला 'कल' आणि आपला 'काल' दोन्ही संस्कृत 'कल्य'पासून आले, म्हणजे पहाट. रात्र सरून उजाडलं की दुसरा दिवस, इतकी साधी गोष्ट आहे ही. आणि हिंदीत काल-उद्याला एकच 'कल' म्हणून भारतीयांना वेळेची किंमत नाही असं कुणी परक्याने म्हटलं की आपल्याला झोंबतंच ना? मग?

दिरंगाई स्पेनमध्ये नव्हती असं मी म्हणत नाही. मारियानो होसे दे लारा या स्पॅनिश लेखकाने १८३३ मध्ये 'उद्या या' अशा अर्थाच्या शीर्षकाचा झकास लेख लिहिला. एक फ्रेंच माणूस पंधरा दिवसांत कामं उरकायला माद्रिदला येतो, आणि जो तो त्याला 'उद्या या' सांगतो. सहा महिन्यांनी बिचारा कंटाळून परत जातो. पण लाराने झोडपलं ते माणसांना, शब्दाला नाही. आणि शेवटी स्वतःलाही सोडलं नाही, हा लेख आपण तीन महिन्यांहून जास्त काळ लांबवला हे कबूल केलं.

आपल्याकडे कचेरीत 'उद्या या' ऐकून आपण किती चपला झिजवल्या? तेव्हा मराठी भाषेला दोष दिला होता का, काका?