बाटलीवरचे आकडे

मी स्वतः कोकमाच्या सरबतापलीकडे फारसा गेलेलो नाही. तेव्हा कॉकटेलचा इतिहास धुंडाळणाऱ्या माणसावर मी रविवारी सकाळी लिहावे, याने काही भुवया उंचावतील. उंचावू द्यात. अमेरिकेतल्या जेफ बेरी यांनी केले ते संशोधनच आहे, आणि आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांहून चिवट आहे.

दारूबंदी १९३३ मध्ये उठली आणि त्या सुमारास डॉन बीच या गृहस्थाने हॉलिवूडमध्ये छोटेसे मद्यगृह थाटले. दक्षिण समुद्रातल्या बेटांचा देखावा, आणि रम, फळांचे रस, मसाले यांची मिश्रणे. त्यांतले ‘झॉम्बी’ इतके जालीम की एका गिऱ्हाइकाला दोनच, असा दंडक. धंदा चालला तशा नकला निघाल्या, प्रतिस्पर्धी नोकर फोडू लागले. मग डॉनने बाटल्यांवर आकडे आणि सांकेतिक नावे घातली. ‘मसाला क्रमांक ४’ म्हणजे काय, हे पेला भरणाऱ्यालाही कळू नये!

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. त्यांतली एक मी वर्षानुवर्षे कमरेला वागवली, म्हणून ही युक्ती मला लगेच पटली. पण आमची किल्ली निवृत्तीच्या दिवशी सही घेऊन पुढच्याच्या हाती जाते. डॉन १९८९ मध्ये वारला, आणि मागे उरले झॉम्बीच्या नावाखाली खपणारे भलतेच काही.

बेरी मूळचे चित्रपटाच्या धंद्यातले. मालकांच्या मुलाखतींवर न थांबता ते म्हाताऱ्या नोकरांच्या दारी गेले. या मद्यगृहांत राबणारे बरेचसे फिलिपिनो होते, नाव कुठे न छापलेले. त्यांच्यापैकी एकाची १९३७ सालची खिशातली वही त्याच्या मुलीकडे निघाली. तीत झॉम्बी होते, पण ‘डॉनचे मिश्रण’ या शब्दाशी गाडी अडली. ते उलगडले तर त्यात द्राक्षफळाचा रस, म्हणजे पपनसाच्या भावंडाचा, आणि पुन्हा ‘मसाला क्रमांक ४’. आणखी एका जुन्या माणसाने अखेर सांगितले: अहो, तो दालचिनीचा पाक!

इतकेच? हो, इतकेच. आपल्या घरातल्या गोड्या मसाल्याचे प्रमाण विचारा. ‘अंदाजाने घालते’ हेच उत्तर येईल. तो अंदाज ज्या हातात असतो, त्या हाताला कुणी विचारत नाही. वाड्यांचे, पेढ्यांचे, मालकांचे इतिहास आपण पुष्कळ लिहिले. आचारी, हलवाई, अत्तरवाले यांच्या वह्या मात्र रद्दीत गेल्या.

बेरींनी २००७ मध्ये ‘सिपिन सफारी’ या पुस्तकात ती कृती छापली. सोबत ते पेले भरणाऱ्या माणसांच्या हकिगतीही दिल्या, नावानिशी.