शस्त्रवैद्याचा नकाशा

‘दृष्टीआड सृष्टी’ असे म्हणून आपले चालते. शस्त्रवैद्याचे चालत नाही. वरच्या जबड्यावर हाडांतील पोकळ्या, त्यांना लागून डोळ्याची खोबण, आणि पातळशा हाडापलीकडे मेंदू! अशा ठिकाणी हत्यार थोडे चुकले तरी दृष्टी जाण्याचे भय असते.

हे भय इंदूरच्या अनेक कुटुंबांनी 2021 साली अनुभवले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे शेकडो रोगी तेथील महाराजा यशवंतराव रुग्णालयात आले. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांस व स्टिरॉइड औषधे घेतलेल्यांस ह्या रोगाचा धोका अधिक. बुरशी नाकावाटे शिरते आणि जबडा, डोळा, मेंदू अशी पसरत जाते. औषधाच्या जोडीला मेलेला भाग कापून काढावा लागतो. कधी जबडा, कधी डोळाही.

अशा अवघड जागी आता संगणक वाट दाखवू शकतो. प्रथम सीटी स्कॅनने डोक्याची पातळ कापांसारखी चित्रे घेतात व संगणक ती जुळवून संपूर्ण आकृती उभी करतो. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याच्या डोक्यावर व हत्यारावर खुणा बसवितात. कॅमेरा त्या खुणांवर नजर ठेवतो, आणि हत्याराचे टोक कोठे आहे ते पडद्यावरील आकृतीत दिसते. फरक साधारणतः एकदोन मिलिमीटरांचा राहतो.

तथापि हा नकाशा शस्त्रक्रियेपूर्वीचा असतो, हे विसरता कामा नये. काढून टाकलेले हाडही पडद्यावर जसेच्या तसे दिसत राहते. खालचा जबडा तर हलता. त्याला निराळी खूण लावावी लागते. शिवाय हत्यार कोठे आहे एवढेच यंत्र सांगते. कोठे थांबावे हे सांगत नाही. काळ्या बुरशीत मेलेल्या भागातून रक्त येत नाही. ताजे रक्त दिसू लागले म्हणजे जिवंत भाग लागला, हे वैद्याने स्वतःच्या डोळ्यांनी ओळखावयाचे असते.

हे यंत्र सर्वत्र नाही, आणि उशीर भरून काढण्याची शक्ती कोणत्याच यंत्रात नाही. चेहरा विद्रूप होईल ह्या धास्तीने घरी थांबणाऱ्याचा चेहराच अधिक जातो. म्हणून आमचे वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे: घरातील मधुमेही माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू सुजली वा दुखू लागली, नाकातून काळपट स्राव आला, टाळूवर काळा डाग पडला, वरचे दात हलू लागले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर शेक व लेप करीत बसू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.