लवचीक लेसर : अडचण वाकण्याची नव्हे, तापण्याची

प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर बसवलेले सूक्ष्म लेसर त्वचेला चिकटवून नाडीचे ठोके, रक्तप्रवाह वा रक्तातील प्राणवायूचे प्रमाण अखंड मोजता येईल, अशा बातम्या गेली काही वर्षे पाश्चात्त्य प्रयोगशाळांतून येत आहेत. सोबतचे छायाचित्र बहुधा ठरलेले असते. चिमटीत वाकवून धरलेली पारदर्शक पट्टी. वास्तविक वाकणे हा या तंत्रज्ञानातील बऱ्याच अंशी सुटलेला प्रश्न आहे. न सुटलेला प्रश्न छायाचित्रात दिसत नाही.

अर्धवाहक लेसर १९६२ साली अमेरिकेत प्रथम चालला. पृष्ठभागातून सरळ वर झोत सोडणाऱ्या लेसरची, म्हणजे 'व्हिक्सेल'ची कल्पना जपानच्या केनिची इगा यांनी १९७७ मध्ये मांडली. याचे प्रकाशद्वार अवघे काही मायक्रॉनचे असते आणि एकाच चकतीवर असे हजारो लेसर घडवता येतात. २०१७ च्या 'आयफोन टेन'मधील चेहरा ओळखण्याची यंत्रणा याच लेसरवर आधारलेली होती.

हे लेसर गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास थरावर थर वाढवून तयार होतात. त्या तापमानाला प्लास्टिक टिकणे अशक्य. म्हणून लेसर आधी स्फटिकावरच घडवतात. त्याखाली अॅल्युमिनियमयुक्त एक थर मुद्दाम ठेवलेला असतो. तो आम्लात विरघळवला की वरचा पापुद्रा सुटतो आणि रबरी ठशाने उचलून पॉलिमरवर ठेवता येतो. या ठसेछपाईचा पाया अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने घातला. बेल्जियममधील घेंट येथे दुसरा मार्ग निवडला गेला : तयार चिप सुमारे २० मायक्रॉनपर्यंत घासून पॉलिमरच्या थरांमध्ये गाडणे. ठिसूळ स्फटिकही पुरेसा पातळ केला की वाकतो, आणि पट्टीच्या जाडीच्या मधोमध ठेवला तर त्यावर ताण जवळजवळ येतच नाही.

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. अशा लेसरला दिलेल्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग सहसा उष्णतेत जातो. नेहमीच्या चिपमध्ये ती स्फटिकातून धातूकडे वाहून जाते. पॉलिमरची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मात्र गॅलियम आर्सेनाइडच्या शेकडो पटींनी कमी. परिणामी लेसर स्वतःच्याच उष्णतेत कोंडतो. त्याचा प्रकाश मंदावतो, आयुष्य घटते आणि तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.०६ नॅनोमीटरने सरकते. त्यात पट्टी त्वचेवर. ४४ अंशांचा स्पर्श सुमारे सहा तास राहिला तरी त्वचा भाजू शकते. खाली तांब्याचा थर दिला तर उष्णता पसरते, पण लवचीकपणा कमी होतो. त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय म्हणजे लेसर अखंड न चालवता क्षणभर चमकवणे. नाडी मोजण्यास तेवढे पुरते.

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने २०१८ मध्ये सेंद्रिय पॉलिमरचा अतिपातळ लेसर-पडदा कॉन्टॅक्ट लेन्सवर चढवून गाईच्या डोळ्यावर तपासला. प्रयोग देखणा होता, परंतु तो पडदा चेतवायला बाहेरून दुसऱ्या लेसरचा प्रकाश लागतो. नोटेच्या सुरक्षाखुणेसाठी तो उपयोगी ठरू शकेल. रुग्णाच्या मनगटावरचा स्वतंत्र प्रकाशस्रोत म्हणून नव्हे.

मग साधा एलईडी का नको? नाडीसाठी तो पुरेसा आहे आणि स्वस्तही. लेसरची सरशी रक्तप्रवाहाचा वेग मोजण्यात आहे. त्यासाठी लागणारा सुसंगत प्रकाश एलईडी देत नाही. प्राणवायूमापनाबाबत मात्र सावधगिरी हवी. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने कृष्णवर्णीय रुग्णांमधील प्राणवायूची धोकादायक घट गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा हेरली नव्हती. त्वचेतील मेलॅनिन लेसरचा प्रकाशही शोषून घेतोच. तेव्हा केवळ लेसर आला म्हणून हा दोष जाईल, असे मानण्याचे कारण नाही आणि सावळ्या त्वचेच्या देशाने तर हे विक्रेत्याला आधी विचारायला हवे.

भारतापुरता प्रश्न कच्च्या मालाचाही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ७६ हजार कोटींच्या अर्धवाहक योजनेत संयुग अर्धवाहकांना स्थान आहे, तथापि धोलेऱ्यासारखे मोठे प्रकल्प सिलिकॉनचे, आणि सिलिकॉनमधून असा लेसर निघत नाही. गॅलियमच्या उत्पादनावर चीनचे जवळपास एकहाती वर्चस्व असून ऑगस्ट २०२३ पासून त्याने निर्यातीला परवान्याची अट घातली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असे थर वाढवण्याचा अनुभव आहे, हैदराबादेत गॅलियम आर्सेनाइडची चिपशाळा आहे. पॉलिमरवर छपाई करणारे उद्योग येथे तुलनेने कमी भांडवलात उभे राहू शकतील; छापायचा पापुद्रा ज्या चकतीवरून उचलायचा, ती मात्र तूर्त बाहेरूनच आणावी लागेल.