गच्चीवरचा मार्चएन्ड

मार्चएन्ड म्हटलं की काय आठवतं? टार्गेट, अप्रेझल, रद्द झालेली सुट्टी. पण ज्यांच्या गच्चीवर सोलर पॅनल बसलेत, त्यांचाही एक मार्चएन्ड असतो आणि तो भल्याभल्यांना माहीत नसतो. सोलर विकायला येणारा माणूसही तो आपणहून सांगत नाही. त्याच्या ब्रोशरवर मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट असते: ‘लाइट बिल झीरो!’

हा झीरोचा फंडा जरा सोलून बघू या.

दिवसा तुम्ही ऑफिसात, घराला कुलूप आणि पॅनल मात्र रणरणत्या उन्हात वीज तयार करतायत. घरात ती वापरायला कुणी नाही, म्हणून ती महावितरणच्या तारेत जाते. संध्याकाळी तुम्ही येता, एसी, टीव्ही, मायक्रोवेव्ह सगळं सुरू होतं आणि आता तारेतून वीज आत येते. नेट मीटर दोन्ही दिशांचा हिशोब ठेवतो. दिलेली युनिट्स जास्त झाली तर ती पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा. म्हणजे महावितरण तुमची फुकटची बॅटरीच झाली की! एकदम सही.

गोची होते ३१ मार्चला. वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे, उरलेली युनिट्स आर्थिक वर्ष संपलं की पुढे सरकत नाहीत. कंपनी ती विकत घेते, पण तुम्ही ज्या दराने वीज घेता त्या दराने नव्हे. आयोगाने ठरवलेल्या, बऱ्याच कमी दराने. आता कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख, एसी बंद, पंखा एकवर. युनिट्स साठत जातात. आणि एसीचा सीझन ऐन भरात येतो, नेमकी तेव्हाच, १ एप्रिलला पाटी कोरी! त्यामुळे सोलर असलेल्या घरात हिवाळ्यात विजेची काटकसर म्हणजे शुद्ध नुकसान. खात्यात युनिट्स साठलेली असतील तर त्या दिवसांत गॅस गीझरला सुट्टी द्या, इलेक्ट्रिक चालवा. चहा इंडक्शनवर करा. सिलिंडर तेवढा जास्त पुरेल.

म्हणूनच ‘गच्चीवर किती पॅनल मावतात’ हा प्रश्नच चुकीचा आहे. व्हेंडर मात्र टेप घेऊन तिथूनच सुरुवात करतो! तुम्ही टेपऐवजी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. एका महिन्याचं नको, मे महिन्याचं तर अजिबात नको. बाराही महिन्यांच्या युनिट्सची बेरीज करा.

समजा, ती ३,६०० आली. महाराष्ट्रात १ किलोवॅटचं सोलर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट्स देतं, म्हणजे वर्षाला १,४०० च्या आसपास. २ किलोवॅट लावलंत तर २,८०० युनिट्स सुटली, उरली ८००. महिन्याला ६५-७०. आता बिलावरचे स्लॅब आठवा: १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. जितकं वर, तितकं महाग. सोलर आधी वरचे मजले रिकामे करतं. या घराला २ किलोवॅटमध्ये महागडी युनिट्स जवळपास गेलीच. उरली ती तळमजल्याची, सगळ्यात स्वस्त दराची. ३ किलोवॅट लावलंत तर तिसऱ्या किलोवॅटने ती स्वस्त युनिट्स वाचवायची आणि वर उरलेली ६०० युनिट्स मार्चएन्डला मातीमोल दराने द्यायची. पहिला किलोवॅट सोनं, दुसरा चांदी आणि तिसरा? हौसेला मोल नसतं, एवढंच.

सरकारी सबसिडीचं गणितही बघा. २०२४ मध्ये आलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. एकूण ७८ हजार, त्यापुढे ठणठण गोपाळ.

अर्थात पुढचे प्लॅनही मोजायचे. ई-स्कूटर घेणार आहात? रोजचे २०-२५ किलोमीटर असतील तर महिन्याला २५-३० युनिट्स धरा. बेडरूममध्ये दुसरा एसी? दीड टनाचा एसी रात्रभर चालला की ८-१० युनिट्स सहज जातात. अशा घराला ३ किलोवॅट हवंच. नक्की ठरत नसेल तर इन्व्हर्टर थोडा मोठा घ्या, पॅनल नंतर वाढवता येतात. महावितरणची परवानगी तेवढी पुन्हा घ्यावी लागते. आणि हो, ते ‘झीरो’ बिल कधीच येत नाही. स्थिर आकार कुणाला चुकलेला नाही.

बसवताना तोंड दक्षिणेला हवं आणि पुण्या-मुंबईकडे १८-२० अंशांचा उतार पुरतो. पण त्याहून महत्त्वाची आहे सावली. एका रांगेतल्या एका पॅनलवर टाकीची सावली पडली तर अख्ख्या रांगेची वीज घटते. सूर्य डिसेंबरात सगळ्यात खाली असतो, सावल्या लांबलचक असतात. तेव्हा सकाळी ९ ला आणि दुपारी ४ ला गच्चीवर जाऊन बघा. टाकी, जिन्याची खोली, शेजारच्यांचा नारळ, सगळ्यांच्या सावल्या दिसतील. आणखी एक, पॅनलला उजेड आवडतो, उकाडा नाही. २५ अंशांवर प्रत्येक अंशाला ताकद ०.३ ते ०.४ टक्के उतरते, म्हणून खालून वारा खेळायला जागा ठेवायची. (आणि पलीकडे आईच्या कुरडयांना थोडं ऊन ठेवायचं. घरात शांतता हवी ना?) धूळ आणि कबुतरं यांच्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा साधं पाणी आणि मऊ फडकं, तेही सकाळी लवकर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी पांढरे डाग सोडतं, तेही नको.

बॅटरी घ्यावी का? निव्वळ बचतीसाठी सध्या नाही. लाइट गेले की साधं सोलरही बंद पडतं, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरची वीज बसू नये. सारखे लाइट जात असतील तर बॅटरी सोयीची, पण ती सोय आहे, कमाई नाही. नियम बदलले तर मात्र हिशोब फिरतो. कॅलिफोर्नियातल्या मावसभावाला विचारा: एप्रिल २०२३ च्या मध्यापासून तिथे नव्याने अर्ज करणाऱ्यांना तारेत सोडलेल्या विजेचे पैसे एकदम कमी मिळू लागले आणि लोक बॅटरीकडे वळले. आपल्याकडेही वेळेनुसार दर बदलणारे मीटर आलेत. वॉशिंग मशीनचा टायमर दुपारी १२ ला लावायची सवय आत्तापासून केलेली बरी.

‘पण आम्ही चौथ्या मजल्यावर, गच्ची सोसायटीची!’ मग सोसायटीलाच कामाला लावा. लिफ्ट, पाण्याचा पंप, पार्किंगचे दिवे यांच्या कॉमन मीटरसाठी सोसायटीला प्रति किलोवॅट १८ हजार सबसिडी आहे. वाचलेले पैसे मेन्टेनन्समध्ये दिसतात. त्यासाठी जनरल बॉडीत ठराव लागतो. तुम्ही ती मीटिंग नेहमी बुडवता हे माहितीये. या वेळी जा. बारा महिन्यांची कॉमन बिलं प्रिंट काढून न्या, नाहीतर चर्चा पार्किंगवर घसरणार.

गावी आईबाबांच्या घरावर बसवत असाल तर कोटेशन मागवायच्या आधी लाइट बिलावरचं नाव वाचा. अर्जदाराचं आणि बिलावरचं नाव एकच लागतं. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल, तर आधी ते नाव बदलून घ्या.