दोन कलांची उपासना

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण मराठी घरांतील मुलांच्या कानांवर वारंवार पडते. सकाळी पेटी वाजविणारा मुलगा सायंकाळी नाटकाच्या तालमीला जाऊ लागला, की वडीलधारी माणसे त्याला 'एक काहीतरी धर' असे बजावतात. या उपदेशामागे अनुभव आहे. दिवस चोवीस तासांचाच असतो आणि कोणतीही कला थोडक्या श्रमांनी प्रसन्न होत नाही. तरीपण दोन कलांची उपासना करणारा प्रत्येक जण चिंध्याच गोळा करतो, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. दोन कलांचे मोल दोनदा द्यावे लागते. ते देण्याची ज्याची तयारी असेल, त्याला ही वाट मोकळी असली पाहिजे.

मराठी रंगभूमीवर गायन आणि अभिनय या कला पुष्कळ काळ एकाच घरी नांदल्या. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि नटाने गावे, गायकाने अभिनय करावा, ही येथील रीतच होऊन गेली. पाश्चात्त्य देशांतील रॉक संगीत आणि गद्य नाटक यांचे तसे नाही. रॉक संगीत विजेच्या गिटारी आणि ड्रम यांच्या गजरात हजारो श्रोत्यांपुढे गायिले जाते. तेथे गायक स्वतःच्या नावाने उभा असतो. श्रोत्यांचा उत्साह पाहून तो गीतांचा क्रम बदलू शकतो. नाटकात शब्द नाटककाराचे असतात, हालचाली दिग्दर्शकाने बसविलेल्या असतात आणि नटाला आपले नाव विसरून दुसऱ्याचे आयुष्य जगावे लागते. एका कलेत जे गुण ठरतात, तेच दुसरीत दोष ठरण्याचा संभव असतो.

या दोन्ही कलांत वावरलेला डेव्हिड बोवी हा इंग्रज गायक १९४७ साली लंडन येथे जन्मला. १९६९ साली त्याचे एक गीत गाजले आणि पुढे त्याचे नाव जगभर झाले. परंतु कीर्ती लाभण्यापूर्वीच, १९६७ साली, त्याने लिंडसे केम्प या कलावंताकडे मूकाभिनयाचे धडे घेण्यास प्रारंभ केला होता. शब्दांवाचून केवळ देहाने बोलावे कसे, हे तो तेथे शिकला. त्या वेळी या विद्येचा त्याला पुढे कोठे उपयोग होईल, हे कोणी सांगू शकले नसते.

तो उपयोग १९८० साली झाला. त्या वर्षी बर्नार्ड पोमरन्स यांच्या 'द एलिफंट मॅन' या नाटकात बोवीने जोसेफ मेरिक याची प्रमुख भूमिका स्वीकारली. मेरिक ही खरोखरीची व्यक्ती होती. १८६२ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे जन्मलेल्या या माणसाचा देह व्याधीने विद्रूप झाला होता. लोक पैसे देऊन त्याला पाहत आणि त्याच्याकडे बघून किंचाळत. पुढे डॉक्टर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांच्यामुळे त्याला लंडनच्या रुग्णालयात आश्रय मिळाला आणि तेथेच १८९० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

या भूमिकेत नटाने विद्रूपतेची रंगभूषा करावयाची नसते. वाकडा देह, लंगडी चाल आणि अडखळती वाणी यांनीच ती विद्रूपता दाखवावयाची असते. बोवीने लंडनच्या त्या रुग्णालयात जाऊन मेरिकच्या अवयवांचे साचे आणि त्याने पुठ्ठ्याची केलेली चर्चची प्रतिकृती पाहिली. डेन्व्हर व शिकागो येथे प्रयोग करून सप्टेंबरमध्ये तो न्यूयॉर्कच्या बूथ नाट्यगृहात आला. दोनच वर्षांपूर्वी याच शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या विशाल सभागृहात तो गायिला होता. बूथ नाट्यगृहात आसने होती सुमारे आठशे! तेथे त्याने एकही गीत गायिले नाही. तेथील रिवाजाप्रमाणे आठवड्यास आठ प्रयोग, तेच शब्द, तीच वेदना, आणि प्रत्येक वेळी ती नव्याने खरी करून दाखवावयाची, असे ते काम होते.

याच सप्टेंबरमध्ये त्याची नवी ध्वनिमुद्रिकाही प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडमध्ये ती पहिल्या क्रमांकावर पोचली. अशा वेळी गावोगाव गायनाचे कार्यक्रम करून धन व कीर्ती मिळविण्याची रीत असते. बोवीने त्या मुद्रिकेसाठी दौरा काढला नाही. त्याची सायंकाळ नाटकाची झाली होती. ८ डिसेंबर रोजी त्याचा मित्र, प्रख्यात गायक जॉन लेनन, याची न्यूयॉर्कमध्येच हत्या झाली. त्या आघातानंतरही बोवीने आपले ठरलेले काम पुरे केले आणि ३ जानेवारी १९८१ रोजी त्या भूमिकेचा निरोप घेतला.

कोणी म्हणेल, की ही भूमिका त्याला त्याच्या कीर्तीमुळे मिळाली. अनेक गुणी नट अशा संधीची वर्षानुवर्षे वाट पाहतात. हा आक्षेप खोटा नाही. कीर्तीने नाट्यगृहाचे दार उघडते, हे मान्य केलेच पाहिजे. पण पडदा वर गेल्यावर कीर्ती नटाच्या मदतीला येत नाही. तेथे कामी येते ती पूर्वी केलेली साधना. तेरा वर्षांपूर्वी शिकलेला मूकाभिनय त्याच्या पाठीशी नसता, तर त्याच कीर्तीने त्याचे हसे केले असते.

तेव्हा समतोल म्हणजे दोन्हीकडे अर्धे-अर्धे लक्ष देणे नव्हे. ज्या वेळी जी कला हाती असेल, तिला त्या वेळी सर्वस्व द्यावे आणि दुसरीकडे होणारी हानी मुकाट्याने सोसावी, यालाच समतोल म्हणावे. शिवाय नव्या कलेच्या दारात जाताना जुन्या कलेतील मोठेपण बाहेर ठेवून विद्यार्थी म्हणूनच आत शिरावे लागते. ज्याला हे जमणार नाही, त्याने वडिलांची म्हण मानून एकीचाच हात धरावा. त्यातही कमीपणा नाही.

२०१५ सालच्या डिसेंबरात बोवीच्या गीतांनी युक्त असे 'लॅझरस' हे नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. ते त्याने एंडा वॉल्श या नाटककाराच्या साहाय्याने रचले होते. १० जानेवारी २०१६ रोजी तो निवर्तला. त्याच्या दोनच दिवस आधी त्याची अखेरची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली होती. आयुष्यभर वेगवेगळ्या वेळी ज्यांची सेवा केली, त्या दोन्ही कला शेवटी त्याच्या उशापायथ्याशी एकत्र उभ्या होत्या.