पाळणाघर कुठे हवे?

मी गोवंडीत राहते, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत काम करते. २०१७ च्या कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झाले. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येते. चांगलेच आहे. पण सकाळच्या हार्बर लोकलमध्ये सात महिन्यांचं बाळ घेऊन चढायचं, वाशीला गाडी बदलायची, हे जमतं का हो? म्हणून लेक शेजारच्या काकूंकडे असते. माझ्या मते पाळणाघर घराजवळ हवे आणि खर्च कंपनीने द्यावा. चार भेटी नाही झाल्या तरी चालतील. काल मी घरी पोचले, तर ती काकूंच्या मांडीवरून उतरायलाच तयार नव्हती.