घाट उतरण्याआधी ब्रेकमधली हवा काढून घ्या
दुचाकीस्वारांना आणि गॅरेजवाल्यांना जाहीर आवाहन

गणपतीला दुचाकीने कोकणात उतरणाऱ्या सगळ्यांना, आणि त्यांच्या गाड्या हातात घेणाऱ्या गॅरेजवाल्या भावांना, ही कळकळीची विनंती आहे.

पुणे, सातारा, कोल्हापूरकडची मंडळी ताम्हिणी, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, आंबोली या घाटांतून खाली येतात. मागे माणूस, पाठीवर सॅक, टाकीवर पिशवी आणि वर पाऊस. महाबळेश्वर १३०० मीटरहून उंच आहे. पोलादपूरला पोचेपर्यंत सुमारे ४० किलोमीटरांत ती बहुतेक उंची संपते. एवढ्या उतारावर गाडीचा वेग इंजिनाने आवरला नाही तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि डिस्क तापते. निघण्याआधी लोक टायरची हवा बघतात, चेनला तेल घालतात. ब्रेकचा लिव्हर मात्र "थोडा मऊ लागतो, पण लागतो" म्हणून तसाच सोडतात. घाटात हाच मऊपणा जिवावर बेततो.

डिस्क ब्रेकमध्ये तुमच्या बोटांचा जोर तेलातून चाकापर्यंत जातो. तेल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून हा जोर पोचतो. हवा आकसते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा, तो बराच आत जातो; पंपात पाणी भरून हेच केलं तर हलत नाही. पाइपात हवेचा एखादा बुडबुडा असला की लिव्हरची अर्धी ओढ तो बुडबुडा चेपण्यातच खर्च होते.

ही हवा शिरते कशी? हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल कमी होऊन तळ उघडा पडला, पाइप किंवा कॅलिपर उघडला आणि नंतर नीट हवा काढली नाही, कुठलं सील गेलं. दुसरी वाट अधिक घातक आहे, कारण ती दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ताज्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असायला हवा. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. सतत ब्रेक दाबून उतरलात तर जुनं तेल कॅलिपरमध्येच उकळतं, त्याची वाफ होते आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. गाडी थंड झाली की ब्रेक परत येतो, आणि माणसाला वाटतं काही झालंच नव्हतं. म्हणून तेल स्वच्छ दिसत असलं तरी दर दोन वर्षांनी बदलाच. ते चहासारखं तांबूस झालं असेल तर वाट बघू नका.

ड्रम ब्रेकच्या सवयीने अजून कितीतरी जण गॅरेजात येऊन म्हणतात, "दादा, ब्रेक जरा टाइट करून द्या." ड्रमला नट असतो, तो आवळता येतो. डिस्कला आवळायला काही नसतं. तिथे दोष शोधावा लागतो आणि तो लिव्हरच सांगतो. गाडी उभी करून दाबून बघा. चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर कडक होतो आणि सोडून थोड्या वेळाने दाबला की पुन्हा मऊ, तर बहुधा आत हवा आहे. दाबून धरला आणि तो हळूहळू खाली बसत गेला, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलंय किंवा कुठेतरी गळती आहे. पाइपाचे जोड, कॅलिपर आणि लिव्हरच्या मुळाची बाजू बोटाने चाचपून ओल बघा. लिव्हर दगडासारखा कडक पण गाडी थांबत नाही, तर पॅड चकाकले आहेत किंवा डिस्कला तेल लागलंय. तिथे हवा काढून उपयोग नाही. चाक हाताने फिरवताना अडकत असेल तर कॅलिपरचा पिस्टन जाम आहे, किंवा मास्टर सिलिंडरमधलं तेल परत येण्याचं बारीक छिद्र बुजलंय. आणि टाकीतली पातळी खाली गेली म्हणून लगेच वरून तेल ओतू नका. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. आधी पॅड बघा, मग गळती.

हवा काढणं अवघड नाही, पण घाई चालत नाही. हँडल असं वळवा की तेलाची टाकी सपाट राहील. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका, कारण हे तेल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. झाकण आधी पुसा, मगच उघडा. झाकणावर जो डॉट लिहिलाय तेच तेल, सीलबंद बाटलीतलं घ्या. कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलवर आधी रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. लिव्हर सावकाश दाबून धरा, निपल पाव आटा सैल करा, तेल बाहेर येईल आणि लिव्हर मुठीकडे जाईल. आधी निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की काढलेली हवा पुन्हा आत. मधूनमधून टाकीत भर घालत राहा. ती एकदा रिकामी झाली की सगळं काम पहिल्यापासून. नळीतून बुडबुड्याशिवाय ताजं, स्वच्छ तेल येईपर्यंत चालू ठेवा. निपल शेवटी बेताने आवळा, कॅलिपर ॲल्युमिनियमचा असतो, आटे जातात.

एवढं करूनही मऊ राहिला तर हवा बहुधा वरच्या वळणात, मास्टर सिलिंडरजवळच्या बँजो बोल्टपाशी अडकलेली असते. टाकीचं झाकण काढून लिव्हर अगदी थोडा थोडा दाबत राहा, पाइपावर हलक्या टिचक्या मारा. बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. रात्रभर लिव्हर रबराने मुठीला बांधून ठेवण्याची जुनी युक्तीही बऱ्याचदा काम करते. कॅलिपर काढून काम करत असाल तर निपल वरच्या बाजूला येईल असा धरा, कारण हवा वरच चढणार.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. एबीएसच्या गाडीत टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नका. त्याच्या मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली तर काही मॉडेलना स्कॅनर लावूनच ती काढावी लागते. तिथे हात न घालता सर्व्हिस सेंटर गाठा.

गॅरेजवाल्या भावांनो, तुमच्याकडे मागणं थोडं कडक आहे. वरून तेल ओतून गाडी परत करणं ही दुरुस्ती नव्हे. बँजोचे तांब्याचे वायसर दरवेळी नवे टाका. महिनोन् महिने उघडी असलेली बाटली वापरू नका. सील पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, रबर फुगतं. जुनं तेल गटारात ओतू नका. चाक काढलेलं असताना कुणाला लिव्हर दाबू देऊ नका. नवे पॅड बसवल्यावर लिव्हर कडक होईपर्यंत दाबून, मगच गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्या. पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, हे त्याला चौकात कळता कामा नये.

गणेश मंडळांनाही विनंती: रक्तदान शिबिरं तुम्ही नेमाने घेता, तसा निघण्याआधीचा एक रविवार ब्रेक तपासणीला द्या. गावातला जाणता मेकॅनिक, दोन पाने, काही बाटल्या तेल, एवढंच लागतं.

घाटात उतरताना खालचा गिअर ठेवा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी सोडण्याची सवय आजच टाका. लिव्हर खोल जायला लागला तर मागचा ब्रेक आणि खालचा गिअर वापरून कडेला थांबा, डिस्कवर पाणी ओतू नका, पूर्ण थंड होऊ द्या, आणि खाली पोचल्यावर तेल बदलल्याशिवाय परतीचा रस्ता धरू नका.

निघायच्या दिवशी सकाळी लिव्हर एकदा जोरात दाबून बघा. तो मुठीला टेकत असेल तर गाडी घरीच ठेवा आणि एसटीने या.